‘खोली भाड्याने देणे आहे’ – कुणाला?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात, कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. ज्यांच्याविषयी बोलले त्यांची नावं मुद्दामच घेतलेली नाहीत.)



पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘शहर आणि स्त्री’ असा छापलाय. विषय मोठा आहे. मी त्यातल्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पाण्याच्या टाकीपुरतंच बोलणार आहे. २०२४च्या पावसाळ्यापासून पुढे सात महिने मी घर शोधत होते. माझ्या वहीत एकतीस घरांच्या नोंदी आहेत. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला शिकवलं होतं, की भेट झाली की त्याच दिवशी लिहून काढायचं. ती सवय गेली नाही. केसच्या नोंदी ठेवतो तशा मी घरमालकांच्या ठेवल्या. ती वही आज सोबत आणलीय.

आधी आमचं घर कोण ते सांगते. मी, माझी आठ वर्षांची मुलगी आणि माझी मैत्रीण. माझा घटस्फोट झालाय. मैत्रीण चौतिशीची, अविवाहित, मुसलमान, कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. तिला महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी असते. माझं काम इचलकरंजीत, कांड्या भरणाऱ्या आणि यंत्रमागावरच्या घरांतल्या बायकांबरोबर. मुलीची शाळा कोल्हापुरात. घटस्फोटानंतर तीन वर्षं मी भावाकडं राहिले. भाऊ-वहिनी वाईट नाहीत. पण आपल्याला माहीतच आहे, माहेरी पाहुणी म्हणून चार दिवस लाड होतात आणि पाचव्या दिवसापासून बाईनं आपलं ताट मोजून वाढून घ्यायला शिकायचं असतं. मैत्रीण एका हॉस्टेलवर कंटाळली होती. आम्ही दोघींनी ठरवलं, एकत्र घर करू. भाडं निम्मं-निम्मं. तिची रात्रपाळी असेल तेव्हा मी घरात, मला इचलकरंजीत उशीर झाला तर मुलीजवळ ती.

‘इचलकरंजीतच का राहत नाहीस?’ असं मला खूप जणींनी विचारलं. एक तर मैत्रिणीची नोकरी आणि मुलीची शाळा इकडं. दुसरं म्हणजे माझं काम. ज्या बाईच्या नवऱ्याविरुद्ध दुपारी तक्रार लिहून घ्यायची, तो संध्याकाळी आपल्या दारात उभा राहतो. माझ्या एका सहकारी ताईनं हे दोन वर्षं काढलंय. त्यामुळं कामाच्या गावात राहायचं नाही, पण कामापासून फार लांबही जायचं नाही, हे पक्कं होतं.

मग आम्ही यादी केली. दोघींना तासाभरात कामावर पोचता येईल आणि जिथली माणसं आम्हा तिघींना एक घर मानतील, असं उपनगर हवं होतं. आमच्या भाषेत, पुरोगामी उपनगर. आता हसू येतं, पण तेव्हा वाटलं होतं की कोल्हापूरइतकं सोपं शहर दुसरं नसेल. इथं वस्त्यांची नावंच बघा. शाहूपुरी, फुलेवाडी, साने गुरुजी वसाहत, जवाहरनगर. पत्ता लिहिला तरी निम्मं प्रबोधन होतं! मैत्रीण म्हणाली, ‘‘पत्ता बघून घर घ्यायचं तर मग कुठंही जाऊ.’’

अंतराचं आधी सांगते, कारण ते थोडक्यात आहे. कोल्हापूर-इचलकरंजी तीसेक किलोमीटर. पण बाईसाठी अंतर किलोमीटरवर नसतं, ते परतीच्या शेवटच्या गाडीवर असतं. एस.टी.त १७ मार्च २०२३पासून आपल्याला निम्मं तिकीट आहे, त्याचा माझ्या पगारात खरोखर फरक पडला. पण बैठक लांबली आणि एस.टी. गेली, तर वडाप. वडापात सातनंतर पुढच्या सीटवर बसायचं की मागं, कुठल्या ड्रायव्हरच्या गाडीत बसायचं, हा सगळा हिशेब पुरुषांना करावा लागत नाही. म्हणून यादीवर आम्ही प्रत्येक वस्तीपुढं लिहिलं – रस्त्यापासून चालत किती मिनिटं, आणि त्या वाटेवर दिवे आहेत का. दिव्यांसाठी रात्री जाऊन बघावं लागतं. दिवसा सगळेच खांब उभे असतात.

आणि मग दारं वाजवायला सुरुवात केली.

पहिला प्रश्न सगळीकडं एकच. ‘‘मिस्टर काय करतात?’’ भाडेकरू मी, पगार माझा, पण धंदा मिस्टरांचा विचारायचा. घटस्फोट झालाय म्हटल्यावर काही जण लगेच गप्प होत. काहींना तपशील हवे असत. एका घरी मालकीणबाईंनी मला चहा दिला, अर्धा तास माझ्या संसाराची चौकशी केली, डोळ्यांत पाणीही आणलं, आणि शेवटी म्हणाल्या, ‘‘तुमचं सगळं खरं हो ताई. पर आमच्यात तरणी पोरं हायती.’’ म्हणजे त्यांच्या पोरांना माझ्यापासून धोका! वहीत मी त्या दिवशी एवढंच लिहिलंय – चहा चांगला होता.

मुंबई-पुण्यात म्हणे मांसाहार चालतो का विचारतात. कोल्हापुरात तो प्रश्न सहसा येत नाही. तांबडा-पांढरा ज्याच्या घरात शिजत नाही त्याचीच इथं चौकशी व्हायची. आम्हाला वाटलं, एक अडचण कमी. तर एका काकांनी विचारलं, ‘‘मटण चालतंय की, पण कुठलं मटण?’’ मैत्रिणीनं शांतपणे उत्तर दिलं, ‘‘तुम्ही आणता त्याच दुकानातलं, काका.’’ ती खोली अर्थातच मिळाली नाही.

आडनावाचं मात्र मला लाज वाटते अशा पद्धतीनं कळलं. माझ्या आडनावावर दारं उघडत होती. ‘‘मूळ गाव कुठलं? अमक्यांचे तुम्ही कोण?’’ असं करत दोन मिनिटांत नातं निघायचं. घटस्फोटित असले तरी ‘आपल्यातली’ होते. मैत्रिणीचं नाव सांगितलं की तेच घर आदल्या दिवशीच दुसऱ्याला दिलेलं असायचं. ७ जून २०२३ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात जे झालं, दुकानांवर दगड पडले, ते लोकांच्या आणि तिच्याही मनातून गेलं नव्हतं. आणि आम्ही घर शोधायला लागलो त्याच महिन्यात, १४ जुलै २०२४ला, विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात मुसलमानांची घरं फोडली गेली. त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही तीन घरं बघितली. तिन्हीकडं उत्तर सौम्य होतं आणि तिन्हीकडं नाहीच होतं.

तेव्हा मी एक गोष्ट केली. पंधराव्या नोंदीला फोनवर मी फक्त माझं नाव सांगितलं. ‘‘मी आणि माझी मुलगी,’’ म्हटलं. घर छान होतं, रस्त्याला लागून, भाडं साडेसात हजार. मालक तयार झाले. संध्याकाळी मी मैत्रिणीला म्हटलं, ‘‘आधी आपण आत जाऊ. कागद माझ्या नावावर करू. तू येत-जात राहा, दोन-तीन महिन्यांत त्यांना सवय होईल.’’ ती रात्रपाळीला निघाली होती, चपला घालत होती. म्हणाली, ‘‘म्हणजे निम्मं भाडं भरून मी तुझी पाहुणी.’’ एवढंच बोलून गेली.

मी रात्रभर जागी होते. भावाच्या घरी तीन वर्षं मी ज्याबद्दल कुढत होते, तेच मी तिला करायला निघाले होते. आणि हे मी, शिबिरांमधून धर्मनिरपेक्षतेचं सत्र घेणारी बाई! सकाळी फोन करून ते घर सोडलं. मैत्रिणीला मात्र मी काय केलं होतं ते विसरायला वेळ लागला. पूर्ण विसरलीय असं अजूनही मला वाटत नाही.

आणखी एक घर सांगायलाच हवं. मालक आपल्या चळवळीतले. दिवाणखान्यात फुले, शाहू, आंबेडकरांच्या तसबिरी. मनात म्हटलं, झालं काम. त्यांनीही आमचं स्वागत केलं, मैत्रिणीशी मुद्दाम चार शब्द बोलले. मग म्हणाले, ‘‘आमची काहीच हरकत नाही हो. पण सोसायटीतले लोक मागासलेले आहेत. तुम्हालाच त्रास होईल.’’ म्हणजे पुरोगामी राहायला मागासलेल्या शेजाऱ्याची केवढी सोय असते! माणूस प्रामाणिक होता, एवढंही म्हणते. सोसायटीच्या कमिटीशी भांडायचं त्याचं वय राहिलं नव्हतं. आणि कमिटीसुद्धा कायद्याच्या अगदी बाहेर असते असं नाही. २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सहकारी सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला, की सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम सोसायटी करू शकते. सहकार या शब्दावर वाढलेल्या आपल्या जिल्ह्यानं तो निकाल एकदा बसून वाचायला हवा.

आपण जिथं बसलोय त्याच्या बाहेर दसरा चौक आहे. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा आणि भोवती बोर्डिंगं. ही बोर्डिंगं का निघाली, आठवा. खेड्यातली, बहुजनांची पोरं शिकायला शहरात येत होती आणि त्यांना राहायला जागा मिळत नव्हती. म्हणजे महाराजांपुढंही प्रश्न भाड्याच्या खोलीचाच होता! १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग निघालं. पुढं जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकेका समाजाची निघाली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. वाड्यांची दारं उघडत नाहीत तर आपण दारं बांधू, असा तो विचार. त्यातून पिढ्या शिकल्या, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण एकदा इथल्याच टपरीवर चहा घेताना मैत्रीण म्हणाली, ‘‘तुझ्यासाठी ते बोर्डिंग, माझ्यासाठी हे. आपण दोघींनी मिळून कुठं जायचं?’’ आणि अर्थात ती सगळी पोरांसाठी होती, हे तिनं सांगितलं नाही. मी सांगते.

नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृहाची केंद्राची योजना १९७२-७३पासून आहे. २०२२मध्ये ती ‘मिशन शक्ती’त घेऊन तिचं नाव ‘सखी निवास’ केलं. त्यात आईबरोबर मुलगी अठरा वर्षांपर्यंत राहू शकते. योजना चांगली आहे. पण आम्हाला वसतिगृह नको होतं. रात्री बारा वाजता कामावरून परतलेल्या बाईला आत येण्यासाठी कुणाला कारण सांगावं लागू नये, एवढंच हवं होतं.

शोध शहरात जमेना तेव्हा आम्ही रेल्वेच्या बाजूला सरकलो. मिरजेच्या लाइनीवर वळिवडे, रुकडी, हातकणंगले. इचलकरंजीला रेल्वे नाही, पण हातकणंगल्याला उतरलं की वडाप आहे. त्या निमित्तानं मी वळिवड्याला गेले आणि आपल्या शेजारच्या गावाचा इतिहास मला पहिल्यांदा नीट कळला. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून सैबेरियात हद्दपार केलेली माणसं सुटून इराणमार्गे इथं आली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, आणि त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, नाटकं, सगळं त्यांनी तिथं उभं केलं. पुरुष बरेचसे फौजेत. म्हणजे कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर पाच वर्षं असं गाव नांदत होतं, की जिथं ‘मिस्टर कुठं असतात’ हा प्रश्न विचारण्यात अर्थच नव्हता! भाषा वेगळी, धर्म वेगळा, कपडे वेगळे. तरी कोल्हापूरनं त्यांना सांभाळलं, आजही महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. पोलिश गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत घर गमावलेले सिंधी आले आणि गांधीनगरची पेठ उभी राहिली.

मी यावर खूप विचार केला. तेव्हा जमलं ते आता का जमत नाही? माणसं तेव्हा चांगली होती असं मला म्हणायचं नाही. मला वाटतं, तेव्हा कुणा घरमालकाला विचारलंच नव्हतं. बराकी सरकारनं बांधल्या. बायका वेशीबाहेर होत्या, वरच्या मजल्यावर नव्हत्या. पाहुणचार आणि शेजार यांत फरक आहे.

खेड्यात राहायचाही विचार झाला. रुकडीजवळच माणगाव. २१-२२ मार्च १९२०ला बाबासाहेब आणि शाहू महाराज एका मांडवात आले ते हेच. पलीकडं शिरोळ तालुक्यात हेरवाड. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवा म्हणून परिपत्रक काढलं. मला त्या ठरावाचं फार कौतुक आहे. पण हेरवाड मैत्रिणीच्या नोकरीला लांब पडत होतं. माणगावात दोन खोल्या होत्या, पण रुकडी स्टेशनवरून रात्रीची चाल तिला जमणारी नव्हती. पुरोगामी गाव आणि आठची गाडी यांची भेट होईना.

सागरमाळच्या बाजूलाही एक जागा बघितली होती. त्या रस्त्यावरून चालताना दोघी गप्प झालो. १६ फेब्रुवारी २०१५ला सकाळी फिरून परतताना कॉम्रेड पानसरेंवर घराजवळच गोळ्या झाडल्या. उमाताईही जखमी झाल्या. २० तारखेला कॉम्रेड गेले. मी तेव्हा शिकत होते. जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरींना कोल्हापुरात पहिल्यांदा कुणाचा पत्ता सांगायचा, तर त्यांचा. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की आपली माणसं राहतात ती वस्ती सुरक्षित. असो. त्या जागेत पाण्याचा प्रश्न होता, म्हणून ती नाही घेतली.

घर शेवटी मिळालं ते एजंटामुळं नाही. आशाताईमुळं. एजंटाला घरं माहीत असतात, आशाताईला घरातली माणसं. उचगावच्या बाजूला काम करणाऱ्या एका आशाताईनं माझी सगळी कहाणी ऐकली आणि म्हणाली, ‘‘मावशींकडं चला. त्यांना माणूस पायजे, भाडं नको.’’ (भाडंही पाहिजे होतं, ते पुढं कळलं. सात हजार.) मावशी निवृत्त अंगणवाडी सेविका, विधवा, मुलगा पुण्यात. आम्हाला ओट्यावर बसवलं. मी वहीतल्या अनुभवानं आधीच सगळं सांगून टाकलं – घटस्फोट, रात्रपाळी, मैत्रिणीचं नाव. मावशींनी मिस्टर विचारले नाहीत. विचारलं, ‘‘पाणी पहाटे चारला येतं, एक दिवसाआड. मला आता उठवत न्हाई. कोण भरणार?’’ मग मैत्रिणीकडं वळून म्हणाल्या, ‘‘रमजान आलाच की. तू उठतीसच पहाटे.’’

मैत्रीण इतक्या मोठ्यांदा हसली, की सात महिन्यांत मी तिला तशी हसताना बघितली नव्हती.

कागदाचं सांगते, तेवढं लिहून घ्या. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते कोर्ट धरून चालतं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. ‘आपल्यात कागद कशाला’ असं कुणी प्रेमानं म्हणालं, तरी कागद करा. आमच्या करारात भाडेकरू म्हणून दोघींची नावं आहेत. मैत्रिणीचं आधी. तसं मीच टाइप करणाऱ्याला सांगितलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. मावशींच्या मुलानं पुण्याहून फोन करून आईला बरंच ऐकवलं. गल्लीतल्या एकीनं माझ्या मुलीला विचारलं, ‘‘ती तुझी कोण लागते?’’ मुलगी म्हणाली, ‘‘आमच्यातली.’’ हा शब्द ती कुठं शिकली मला ठाऊक नाही. मैत्रीण नर्स आहे हे कळल्यावर बायका बी.पी. बघायला येऊ लागल्या आणि मला ‘‘मॅडम लई चांगल्या हायत’’ म्हणू लागल्या. मी खूश होऊन तिला ते सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तू तर कुणाचं बी.पी. बघत नाहीस. तुला कसं चालवून घेतात?’’ मला उत्तर आलं नाही, अजून आलेलं नाही. इथं कुणाला सुचलं तर चहाच्या वेळी सांगा.

आपल्या संघटनेकडून मला एक काम हवंय. प्रत्येक तालुक्याच्या मैत्रिणींनी, आशाताईंना आणि अंगणवाडीच्या बायकांना विचारून, एक वही ठेवावी. कुठली मावशी, कुठली ताई एकट्या बाईला, दोघींना, जातीधर्माबाहेर लग्न केलेल्यांना खोली देते. नाव, पाण्याची वेळ, शेवटची गाडी. सभागृहातल्या ज्यांची स्वतःची घरं आहेत, त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहावं. माझी वही मी टेबलावर ठेवतेय. मागची पानं कोरी आहेत.

आणि हो, मावशींची मागची खोली मे महिन्यात रिकामी होतेय. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, संडास सामाईक. तावडे हॉटेलच्या चौकातून वडाप रात्री नऊपर्यंत मिळतं, वाटेवरचा एक दिवा बंद आहे, अर्ज दिलाय. पाणी भरायची पाळी वाटून घेऊ. कुणाला हवी असेल तर जाताना मला भेटा.